चुकल्या पत्त्याचं टपाल

तीन वर्षांपूर्वी आईच्या बायॉप्सीचा अहवाल हातात आला, त्या रात्री मी मामेबहिणीला मेल लिहिला. ताई डॉक्टर, राहायला परदेशात. आईसमोर फोनवर जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्यात होतं : डॉक्टर काय म्हणाले, खर्च किती सांगितला, मला कशाची भीती वाटते. नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली, संगणकानं उरलेलं नाव पुढे केलं आणि मी पत्र पाठवून दिलं. सकाळी उत्तर आलं, पण ते ताईचं नव्हतं. विम्याच्या कुठल्याशा कामात जिच्याशी माझा दोन-तीनदा पत्रव्यवहार झाला होता, त्या बाईंचं नाव आणि ताईचं नाव एकच. हे पत्र आपल्यासाठी नसावं, पहिल्या परिच्छेदानंतर आपण ते वाचलेलं नाही, आईंना लवकर बरं वाटो, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. (आई आता बरी आहे. वाचकांच्या जिवाला घोर नको.)

बाई सभ्य होत्या म्हणून निभावलं. मला छळत राहिली ती गोष्ट वेगळीच. त्याच आठवड्यात इस्पितळाच्या पत्त्यात माझं एक अक्षर चुकलं होतं, तर दोन मिनिटांत पत्र परत आलं : असा पत्ता अस्तित्वात नाही. ताईच्या पत्राबाबत मात्र यंत्रणेनं हूं की चूं केलं नाही. तिच्या लेखी काही चुकलंच नव्हतं. सर्व्हर बिघडतो तेव्हा तो बोंब मारतो. माणूस चुकतो तेव्हा सगळं शांत असतं. असं का, याचा शोध घेताना मला पत्राच्या आधी पाकीट समजून घ्यावं लागलं.

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिलं पत्र धाडलं. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते, आणि त्या पत्रात काय लिहिलं होतं हे खुद्द त्यांनाही पुढे नीट आठवत नव्हतं. पण आज आपण वापरतो त्या टपालाचे नियम लिहिले गेले ऑगस्ट 1982 मध्ये, जॉन पोस्टेल यांच्या हातून. एसएमटीपी नावाच्या या नियमांत दोन सर्व्हर एकमेकांशी अक्षरशः संवाद करतात. पहिला नमस्कार करतो, मग सांगतो की पत्र अमक्याकडून आहे. दुसरा म्हणतो, ठीक. पहिला सांगतो, तमक्याला द्यायचं आहे. दुसरा म्हणतो, ठीक, हा माणूस आमच्याकडे राहतो. त्यानंतरच पत्राचा मजकूर पुढे सरकवला जातो.

गंमत अशी, की आपल्याला पडद्यावर दिसणारे ‘टू’ आणि ‘सीसी’ हे रकाने पाकिटावर नसतात. ते आतल्या कागदावरचा मायना असतात. सर्व्हर पत्र पोचवतो तो पाकिटावरची नावं वाचून. ‘बीसीसी’ची सारी किमया एवढीच : नाव पाकिटावर लिहायचं, मायन्यात लिहायचं नाही. सगळं नाजूकपण या एका रकान्यात साठलेलं आहे, ते पुढे दिसेलच.

शेवटी पत्र स्वीकारणारा सर्व्हर 250 हा आकडा उच्चारतो. त्याचा अर्थ : आता ही जबाबदारी माझी. इथून पुढे त्यानं पत्र पोचवायचं किंवा पोचलं नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचं, असा दंडक आहे. पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर तो पत्र रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस पुनःपुन्हा दार ठोठावतो. ‘मेलर-डीमन’ या भयंकर नावानं येणारे निरोप म्हणजे या प्रामाणिकपणाचाच पुरावा. त्या निरोपांच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा रकाना मुद्दाम कोरा ठेवतात. नाहीतर न पोचलेल्या पत्राचा निरोपही पोचला नाही, मग त्याचाही निरोप, अशी ही साखळी जन्मभर चालली असती.

यंत्राचा बिघाड किती चमत्कारिक असू शकतो याचा एक किस्सा संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे. ट्रे हॅरिस यांनी तो 2002 मध्ये लिहिला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठाच्या ई-मेलची व्यवस्था ते पाहत. एक दिवस संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांचा फोन आला : आमचे मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाहीत. हॅरिसना वाटलं, थट्टा असावी. पण संख्याशास्त्रज्ञ ते. पुरेशी आकडेवारी जमल्याशिवाय त्यांनी तक्रार केली नव्हती, वर नकाशाही काढला होता. हॅरिसनी स्वतः पाठवून पाहिलं. 420 मैलांवरच्या न्यूयॉर्कला पत्र पोचलं, 580 मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही. कारण निघालं ते असं : कुणा सल्लागारानं सर्व्हरची मूळ प्रणाली नवी केली आणि त्या भरात मेलची आज्ञावली मात्र जुनी बसली. नव्या पद्धतीनं लिहिलेल्या सूचना तिला कळेनात. पलीकडच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची, हा आकडा त्यामुळे शून्य झाला. शून्य म्हणजे त्या यंत्रावर प्रत्यक्षात सेकंदाचे तीन सहस्रांश. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे 558 मैल. प्रकाश काचेच्या तारेत याहून हळू धावतो, शिवाय उत्तर परत यायचं अंतर वेगळं, असे आक्षेप शंकेखोरांनी घेतलेच. पण किस्सा टिकला. विभागप्रमुखांचं खरं होतं, आणि बिघाड शोधता आला, कारण प्रत्येक न पोचलेलं पत्र ‘मी पोचलो नाही’ असं सांगत होतं.

मराठी माणसाला एक तिसरा प्रकार चांगला परिचयाचा आहे, पत्र योग्य दारी पोचून न वाचता येण्याचा. श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली कथा संपादकांना पाठवावी आणि त्यांच्या संगणकावर तो फाँट नसल्यानं रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा उघडावा, हे दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं सोसलं. त्या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. घरमालक परतला की भाडेकरू बाहेर. युनिकोडनं देवनागरीला 1991 मध्येच स्वतःचं घर दिलं, पण तिथे राहायला जायला आपण बराच वेळ घेतला.

आता शांतपणे घडणाऱ्या चुकांकडे. ‘सर्वांना उत्तर’ या बटणाचे घोटाळे यात धरू नयेत, कारण त्यांचा गोंगाटच होतो. नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या आरोग्यसेवेत चाचणीचा एक मेल चुकून सुमारे साडेआठ लाख जणांना गेला. ‘मला यादीतून काढा’ असं लोक साऱ्या यादीला सांगू लागले आणि सव्वा तासात पन्नास कोटी मेल फिरले. व्यवस्था गुदमरली, लोक हसले, विषय संपला.

पण नोव्हेंबर 2014 मध्ये ब्रिस्बेनच्या जी-20 परिषदेपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर विभागात जे घडलं ते माझ्याच जातीचं. ओबामा, पुतिन, मर्केल आणि आपले नरेंद्र मोदी यांच्या पारपत्रांचे तपशील असलेला मेल आशिया चषक फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांकडे गेला. संगणकानं नाव पुढे केलं, अधिकाऱ्यानं ते तपासलं नाही. ज्यांचे ते तपशील होते त्यांना कळवायची गरज नाही, असं विभागानं ठरवलं. 2015 मध्ये बातमी छापून आली, तेव्हा ती जगाला कळली.

एका अक्षराचं उदाहरण त्याहून मोठं आहे. अमेरिकी सैन्याचे पत्ते ‘मिल’ या तीन अक्षरी शेपटाचे. त्यातलं रोमन ‘आय’ गळलं की उरतं ते आफ्रिकेतल्या माली देशाचं शेपूट. योहानेस झुर्बियर हे डच गृहस्थ मालीच्या पत्त्यांचं व्यवस्थापन पाहत. अस्तित्वातच नसलेल्या आर्मी, नेव्ही अशा नावांना पत्रं येताहेत हे त्यांच्या 2013 पासून ध्यानात आलं होतं. 2023 च्या पहिल्या साडेसहा महिन्यांत त्यांनी अशी सुमारे 1 लाख 17 हजार पत्रं गोळा केली. माझ्या इस्पितळाचं पत्र परत आलं, कारण तिथे ते घ्यायला कुणी नव्हतं. मालीत घेणारा उभा होता, म्हणून पाठवणाऱ्यांना काहीच कळलं नाही.

आणि तो ‘बीसीसी’चा रकाना. सप्टेंबर 2015 मध्ये लंडनच्या 56 डीन स्ट्रीट या क्लिनिकचं वार्तापत्र 781 जणांना गेलं. त्यातले बहुतेक एचआयव्हीबाधित. पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’मध्ये पडले. 730 पत्त्यांत पूर्ण नाव होतं. आपल्या यादीत कोण कोण आहे हे प्रत्येकाला दिसलं, आणि आपण तिथे आहोत हेही सर्वांना दिसलं. 1 लाख 80 हजार पौंडांचा दंड झाला. 2010 मध्ये याच संस्थेत 17 रुग्णांबाबत असंच घडलेलं होतं.

काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर, सप्टेंबर 2021 मध्ये, ब्रिटिश संरक्षण खात्यानं मागे राहिलेल्या अफगाणांना मेल पाठवला. ब्रिटिशांसाठी काम केलं म्हणून लपून बसलेली ही माणसं. 245 पत्ते उघडे पडले. 55 जणांचे छोटे फोटोही सोबत दिसत होते. दोघांनी ‘सर्वांना उत्तर’ दिलं आणि त्यातल्या एकानं आपण कुठे आहोत हेही लिहिलं. साऱ्या सर्व्हरांनी त्या दिवशी आपलं काम चोख बजावलं होतं.

कागदी टपालात मधे माणूस असे. नुसतं ‘तात्या मास्तर’ आणि गावाचं नाव लिहिलेलं कार्ड पोस्टमन बरोबर दारी टाकी. ज्याचा पत्ताच लागेना असं पाकीट रिटर्न्ड लेटर ऑफिसात जाई. ते फोडून आत काही धागा सापडतो का हे पाहायची मुभा तिथल्या कर्मचाऱ्यांना होती. पोस्टमनही पत्रं चुकवत, गहाळ करत. उगाच गहिवरायला नको. पण ‘हे पत्र यांचं कसं असेल?’ असा प्रश्न पाकिटाकडे पाहून पडणारं कुणीतरी वाटेत होतं. 250 म्हणणाऱ्या सर्व्हरला तो पडत नाही.

‘पाठवणं रद्द करा’ या बटणावर माझा फार विश्वास होता. ते पत्र परत बोलावत नाही हे मला उशिरा कळलं. पत्र निघालेलंच नसतं. काही सेकंद ते दाराशी थोपवून धरलेलं असतं, जीमेलमध्ये जास्तीत जास्त तीस. मी ती मुदत तिसावर नेऊन ठेवली आहे. नावं पुढे करणारी सोयही बंद केली. ताईचा पत्ता आता पूर्ण टाइप करते. तो बराच लांबलचक आहे, आणि त्यातलं एखादं अक्षर चुकलं तर बहुधा पत्र लगेच परत येतं.