पेढ्यांचा पुडा आणि रात्रपाळी

रुग्ण बरा होऊन घरी निघाला की नातेवाइकांनी वॉर्डात पेढे वाटावेत, ही महाराष्ट्रात खोलवर रुजलेली रीत आहे. प्रसूतिगृहात तर मुलगा झाल्यास पेढे आणि मुलगी झाल्यास बर्फी किंवा जिलेबी, हा भेदही पुष्कळ ठिकाणी अजून पाळला जातो. दोन्ही बाळंतपणांत परिचारिकेचे कष्ट सारखेच असल्यामुळे निदान तिच्यापुरता तरी तो सोडून द्यायला हवा. या रीतीमागची कृतज्ञता खरी असते. मात्र ज्यांच्यासाठी ती असते त्यांच्यापैकी अनेकजणींपर्यंत ती पोचतच नाही आणि त्याचे कारण देणाऱ्याच्या मनात नसून रुग्णालयातील कामाच्या रचनेत आहे.

परिचर्या, म्हणजे रुग्णाची अहोरात्र घेतली जाणारी शुश्रूषा, पाळ्यांमध्ये विभागलेली असते. रुग्णालयागणिक वेळा थोड्याफार बदलत असल्या, तरी सकाळी ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८ आणि रात्री ८ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ही विभागणी सर्वपरिचित आहे. डिस्चार्ज मात्र डॉक्टरांची सकाळची फेरी, बिलाचा हिशेब आणि कागदपत्रे आटोपल्यावर, म्हणजे बहुधा दुपारच्या सुमारास मिळतो. साहजिकच पेढ्यांचा पुडा त्या वेळी कामावर असलेल्यांच्या हाती पडतो आणि बारा तास जागून ताप व रक्तदाब तपासणारी, सलाइनची बाटली संपण्याआधी बदलणारी, घाबरलेल्या रुग्णाला पहाटे तीन वाजता धीर देणारी परिचारिका कामावर येते तेव्हा रिकामा खोका उरलेला असतो. म्हणून खाऊ द्यायचाच असेल, तर तो प्रत्येक पाळीसाठी वेगळा बांधून, वर तसे लिहून, वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेकडे म्हणजे परिसेविकेकडे (रोजच्या बोलण्यातल्या इन्चार्ज सिस्टरकडे) सोपवावा आणि त्यात वॉर्डातील मावशी, मामा व सफाई कामगार यांनाही धरावे. खव्याचे पेढे उन्हाळ्यात लवकर बिघडतात, शिवाय काम करता करता हात धुऊन एक घास घेणाऱ्यांना सुटी मिठाई सोयीची नसते. त्यापेक्षा एकेक वेगळी वेष्टित केलेली चिक्की, उपवासालाही चालणारी राजगिऱ्याची वडी किंवा केळी-संत्री ही फळे बरी.

पाळ्यांइतकीच महत्त्वाची दुसरी अडचण अशी की उत्तम परिचर्या डोळ्यांना दिसत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की ती सर्वांना दिसते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवल्यामुळे जे शय्याव्रण, म्हणजे सततच्या दाबाने त्वचेला पडणाऱ्या खोल जखमा, झालेच नाहीत, त्यांची दखल कोण घेणार? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी १९७३ मधील निर्घृण हल्ल्यानंतर निपचित पडलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची मोकळ्या मनाने प्रशंसा केली. परिचारिकांची एक पिढी निवृत्त होऊन दुसरी आली तरी त्या सेवेत खंड पडला नाही. अशी दखल न्यायालयाकडून क्वचितच घेतली जाते, परंतु छोट्या प्रमाणात ती प्रत्येक कुटुंबाला घेता येते, कारण रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाने जे पाहिलेले असते ते रुग्णालयाच्या वरिष्ठांनी पाहिलेले नसते.

या कारणाने परिचारिकेला द्यायची सर्वांत योग्य भेट म्हणजे तिच्या कामाची लेखी नोंद, असे म्हणावे लागते. हे पत्र रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखाला, म्हणजे अधिसेविकेला (जुन्या परिचयाच्या शब्दात मेट्रनला) उद्देशून लिहावे आणि त्याची प्रत वैद्यकीय अधीक्षकांना द्यावी. त्यात वॉर्ड, तारखा आणि परिचारिकांची नावे असावीत, आणि ‘सर्वांनी छान काळजी घेतली’ एवढ्यावर न थांबता नेमके काय घडले ते लिहावे. औषधाच्या मात्रेबद्दल शंका येताच कोणी डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतले, वडिलांना ऐकू कमी येते हे ओळखून कोणी प्रत्येक गोष्ट कानाशी येऊन सांगितली, स्तनपान जमत नसलेल्या नव्या आईजवळ कोण अर्धा तास बसून राहिले, अशा तपशिलांनी पत्राला वजन येते. कंत्राटी पद्धतीवर किंवा खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेला नवी नोकरी शोधताना असे पत्र दाखवता येते. पेढ्यांचा तसा उपयोग नाही. मात्र परिचारिकांची छायाचित्रे विनापरवानगी समाजमाध्यमांवर टाकणे म्हणजे आभार नव्हे.

पैशांचे पाकीट सर्वथा टाळावे. शासकीय रुग्णालयातील परिचारिकांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. अनेक खासगी रुग्णालयांचेही असे नियम असतात. उपचार चालू असताना दिलेली महाग वस्तू, देणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी शेजारच्या खाटेवरील गरीब रुग्णाच्या मनात आपल्याकडे दुर्लक्ष होईल ही भीती निर्माण करते, म्हणून भेट निरोपाच्या वेळी किंवा घरी गेल्यावरच द्यावी. बाळाचा जन्म होताच ‘खुशी’ किंवा ‘चहापाणी’ म्हणून कोणीही पैसे मागितले, तर तो आभाराचा प्रश्न राहत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लोकसेवकाला लाच देणाराही दोषी ठरतो. मात्र ती देण्यास भाग पाडले गेले असेल आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली असेल, तर त्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा त्यासाठीचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे.

वस्तू द्यायचीच झाली, तर ती कामाचे स्वरूप पाहून निवडावी. प्रत्येक पाळीला नोंदी लिहाव्या लागतात आणि वॉर्डात पेन सतत हरवतात, तेव्हा साध्या पेनांचा एक डबा मनापासून स्वीकारला जातो. वारंवार हात धुऊन आणि जंतुनाशक चोळून कोरड्या पडणाऱ्या त्वचेसाठी बिनवासाचे क्रीमही उपयोगी पडते. बिनवासाचे अशासाठी की उग्र सुगंधाने रुग्णांना मळमळते, आणि अत्तरे त्याच कारणाने बाद ठरतात. फुले अतिदक्षता विभागात बहुधा नेऊच देत नाहीत. साडी-चोळी देऊन ओटी भरण्यामागचा जिव्हाळा मोठा आहे, पण त्या प्रथेत विधवा परिचारिका नकळत वगळल्या जातात आणि ‘ब्रदर’ म्हणून ओळखले जाणारे पुरुष परिचारक तर बाहेरच राहतात. देवाच्या तसबिरीबाबतही हाच विचार करावा, कारण महाराष्ट्रातील रुग्णालयांत केरळमधून आलेल्या ख्रिस्ती परिचारिकांसह अनेक धर्मांच्या व्यक्ती एकत्र काम करतात.

ज्यांची ऐपत अधिक आहे त्यांच्यासाठी इतिहासात एक चांगले उदाहरण आहे. क्रिमियन युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना राणी व्हिक्टोरियाने रत्नजडित ब्रोच पाठवला, तर इंग्लंडमधील सामान्य लोकांनी १८५५ मध्ये त्यांच्या नावाने निधी उभारला, जो ४० हजार पौंडांच्या वर गेला. या पैशांतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले आणि तेथे शिकलेल्या परिचारिकांनी ती पद्धत अनेक देशांत नेली. आजही एखाद्या कुटुंबाला परिचर्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला पुस्तके देता येतात, गरजू विद्यार्थिनीचे शुल्क भरता येते, किंवा परिचारिकांच्या विश्रांतीच्या खोलीसाठी पाणी शुद्ध करणारे यंत्र वा पाय पसरून बसता येईल अशा खुर्च्या घेता येतात. अनेक शासकीय रुग्णालयांत अशा देणग्यांसाठी रुग्ण कल्याण समिती असते. वस्तू परस्पर आणून ठेवण्याऐवजी समितीमार्फत रीतसर पावती घेऊन दिल्यास देणगीची नोंद होते. काय हवे आहे हे मात्र आधी परिसेविकेला विचारावे, कारण वॉर्डात कशाची उणीव आहे हे तिच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.