विसरभोळेपणा वयाचा की आजाराचा? वेळीच तपासून घ्या

सोयाबीनचं पान पिवळं पडलं की तुम्ही आम्हाला बांधावर बोलावता. पिवळेपणा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे, हे तुम्हाला ठाऊक असतं. लोह कमी पडलं तरी पान पिवळं, पाणी साचलं तरी पिवळं, मोझॅक आला तरी पिवळंच. कारण वेगळं तसा उपाय वेगळा. पण घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की आपण एका दमात निकाल देतो, "साठी बुद्धी नाठी." झालं, विषय संपला.

मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना हे इतक्या घरांत दिसतं की लिहिल्यावाचून राहवेना.

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पाव्हण्याचं नाव पटकन सुचत नाही आणि घटकाभराने सुचतं, हे वयोमानाने चालायचंच. परंतु जन्मभर फवारणी केलेल्या माणसाला पंपाला औषध किती घालायचं हे उमगेना, स्वतःच्याच शेतातून घरी येताना वाट चुकू लागली, जेवून उठल्यावर "मला कुणी जेवायला दिलं नाही" अशी तक्रार सुरू झाली, तर ते नुसतं वय नव्हे. कित्येकदा सुरुवात होते ती सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेण्यापासून. पैसे स्वतःच कुठेतरी ठेवलेले असतात, ठेवल्याचं आठवत नाही. मग भांडणं होतात, चुली वेगळ्या होतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरात सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात असे सुमारे ८८ लाख लोक. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळलं.

आता महत्त्वाचं. विसरण्यामागची काही कारणं उपचाराने सुधारणारी असतात. ब-१२ जीवनसत्त्वाचंच घ्या. ते दूध, अंडी, मांस, मासळीतून मिळतं. भाकरी-भाजीतून मिळत नाही. घर माळकरी, दूध सगळं डेअरीला आणि म्हातारीच्या वाट्याला कोरा चहा, मग ब-१२ येणार कुठून? मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तरीही ते कमी होऊ शकतं. रक्त तपासून कळतं, इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळतात. मात्र फार उशीर केला तर गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. थायरॉइडचंही तसंच.

दुसरं कारण डोक्याला लागलेला मार. आजोबा मोटारसायकलवरून पडले, खोक पडली नाही म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागतं, बोलण्यात घोळ होतो, एका बाजूचा पाय ओढत चालतात. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत गेलेलं असू शकतं. स्कॅन करून वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. याला म्हातारपण म्हणून घरात ठेवणं म्हणजे घातच.

याशिवाय झोपेच्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, दारू, जोडीदार गेल्यावर मनाने घेतलेली उदासी, यांनीही डोकं चालेनासं होतं. काहींना तर नुसतं ऐकू येत नसतं आणि आपण म्हणतो, विसरतात!

एक खूणगाठ बांधा. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारं विसरणं असेल तर सवड काढून तपासणी करा. पण कालपर्यंत धड असलेला माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अर्धांगवायू, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर किंवा क्षार उतरणं, यांपैकी काहीही असू शकतं.

सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. "आमची आई शिकलेली नाही, तिची काय परीक्षा घेणार?" असं म्हणू नका. हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९०च्या दशकात निरक्षर खेडूतांसाठीच अशी प्रश्नावली तयार झाली होती. त्यात अक्षरओळख लागत नाही.

तपासणीत अल्झायमर निघाला तर तो बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळतो. तरीही निदान उपयोगाचं असतं. कीटकनाशकाच्या कपाटाला कुलूप लागतं, विहिरीकडे एकटं सोडलं जात नाही, आळ घेतला तर सून मनाला लावून घेत नाही.

गावच्या कारभाऱ्यांना आणि सोसायटीच्या सचिवांनाही सांगणं आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ प्रमाणे करार करताना माणसाला त्याचा अर्थ आणि आपलं हित-अहित कळत असलं पाहिजे. अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असं समजू नका. दोन साधे प्रश्न विचारा, शंका आली तर कागद थांबवा.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. विसरणं कधीपासून आहे, पडझड कधी झाली, शेतात कोणती औषधं फवारली, हे सांगू शकेल असं रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या. आणि आजोबा यायला तयार नसतील तर साखर-बीपी बघायला चाललोय म्हणा. तेही तपासतातच.