चेहरा जसा आहे तसा : छायाचित्रासाठी अखंड प्रकाशाची निवड

१९४०च्या दशकात आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड व कोलाम बांधव कसे दिसत, हे आज पाहावयास मिळते ते प्रामुख्याने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या छायाचित्रांमुळे. मारलवाई येथे वास्तव्य करून त्यांनी या समाजांचा अभ्यास केला. त्यांचा छायाचित्रसंग्रह लंडनच्या सोआस या संस्थेने जतन केला आहे. आता मात्र सर्वसामान्य माणसाचे छायाचित्र बहुधा जवळच्या बाजारगावातील स्टुडिओत, दिव्यांच्या उजेडात निघते. ओळखपत्रासाठी अथवा निवृत्तिवेतनाच्या अर्जासाठी काढलेले छायाचित्र कित्येक वृद्धांचे एकमेव छायाचित्र ठरते. माणूस गेल्यावर तेच मोठे करून भिंतीवर लावले जाते. अयोग्य प्रकाशामुळे सावळा चेहरा काळवंडला, किंवा उजळ करण्याच्या नादात ओळखू येईनासा झाला, तर कचेरीत अडचण होते आणि घरच्यांजवळही त्या माणसाची खरी मुद्रा उरत नाही. यास्तव दिव्याची निवड हा केवळ हौसेचा विषय नव्हे.

अखंड प्रकाश कशासाठी?

फ्लॅशचा प्रकाश क्षणभरच पडतो. तो चेहऱ्यावर कसा पडला, हे छायाचित्र निघाल्यावरच कळते. सतत जळणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात सावली कोठे पडते, चष्म्यावर चकाकी येते काय, हे आधीच दिसते. लहान मुले व वृद्ध दचकत नाहीत. नवशिक्या छायाचित्रकारास हाच प्रकाश अधिक सोयीचा होय.

दिवा कोणता घ्यावा?

पूर्वी स्टुडिओत ५०० वा १००० वॅटचे हॅलोजन दिवे असत. त्यांचा रंग चांगला, परंतु उष्णता फार. विजेचा दाब उतरला की त्यांचा प्रकाश मंद व तांबूस होई. आजचा एलईडी दिवा तेवढ्याच प्रकाशासाठी सुमारे चौथा ते पाचवा हिस्सा वीज घेतो. बॅटरीवर चालणारे एलईडी दिवेही मिळतात.

तथापि केवळ वॅट पाहून दिवा घेऊ नये. वेष्टनावरील 'सीआरआय' हा अंक पाहावा. दिव्याच्या प्रकाशात रंग कितपत खरे दिसतात, हे तो १०० पर्यंतच्या प्रमाणावर सांगतो. चेहऱ्यासाठी तो ९५ वा त्याहून अधिक असावा. त्वचेच्या छटेत तांबडा रंग महत्त्वाचा असल्याने 'आर ९' हा अंकही दिला असल्यास तो ९०च्या वर असलेला बरा. तांबडा रंग नीट न दाखविणाऱ्या स्वस्त दिव्याखाली सावळी त्वचा राखेसारखी दिसते. सर्व दिवे एकाच रंगाचे, उदाहरणार्थ ५६०० केल्विनचे, असावेत. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आल्यास अर्धा चेहरा निळसर व अर्धा पिवळा उमटतो.

आपल्याकडील वीजप्रवाहावर हलक्या प्रतीचे दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांस ते कळत नाही, पण छायाचित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. खरेदीपूर्वी दुकानातच मोबाईलच्या कॅमेऱ्यातून दिवा पाहावा. पट्टे सरकताना दिसल्यास तो घेऊ नये.

मांडणी

प्रकाश मऊ असावा. उघडा लहान दिवा सुरकुत्या व खड्डे तीव्र करतो. तोच प्रकाश अडीच-तीन फुटांच्या पांढऱ्या कापडातून गाळून, चेहऱ्यापासून साधारण तीन फुटांवर ठेवल्यास सौम्य होतो. अंतर दुप्पट केल्यास प्रकाश चौथा हिस्सा उरतो व सावल्याही कठोर होतात. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूस, डोळ्यांच्या किंचित वर असावा. दुसऱ्या बाजूस पांढरा थर्मोकोलचा तक्ता पुरतो. ओळखपत्राच्या छायाचित्रासाठी मात्र दोन्ही बाजूंस सारखा प्रकाश ठेवावा आणि माणसास पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवावे, म्हणजे मागे सावली पडत नाही. चष्मा असल्यास दिवे थोडे वर न्यावेत.

सावळा वर्ण

रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पुरवीत असे. त्यामुळे काळ्यासावळ्या वर्णाच्या छटांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. आजचा कॅमेरा त्या छटा टिपू शकतो, परंतु त्याला पुरेसा व खरा प्रकाश मिळाला पाहिजे. सावळा चेहरा पांढुरका करणे हा त्यावरील उपाय नव्हे. मोठा, मऊ प्रकाश किंचित बाजूने आल्यास गालाचे हाड, कपाळ व नाक यांवर नैसर्गिक तकाकी येते आणि चेहऱ्याची ठेवण स्पष्ट होते. काळे केस गडद पडद्यात मिसळू नयेत म्हणून पडद्यावर एक लहान दिवा सोडावा.

ज्या शाळेत वा ग्रामपंचायतीत दिवे घेण्याची सोय नाही, तेथे ऊन थेट न येणारी उत्तरेकडील खिडकी आणि समोर धरलेली पांढरी चादर एवढ्यानेही काम भागते. अशा वेळी खोलीतील इतर दिवे मालवावेत. छायाचित्र देण्यापूर्वी ते त्या माणसाच्या नातवास दाखवावे. त्याने क्षणाचाही विचार न करता आजीला ओळखले, तर प्रकाशाची निवड योग्य झाली असे समजावे.