गोलंदाजाचें यश : कर्तृत्व कीं दैव ?

क्रिकेटच्या मैदानावर एखाद्या गोलंदाजानें एकाच डावांत सहा-सात गडी बाद केले कीं प्रेक्षकांत तात्काळ दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "काय हा हात !" दुसरा म्हणतो, "हात कसला ? दैव बलवत्तर, दुसरें काय !" सामना पाहून इतवारीकडे परतणाऱ्या मंडळींत हा वाद सुरू होतो, आणि शहीद चौक आला तरी मिटत नाहीं. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात. परंतु निर्णय कशावरून करावयाचा, हें मात्र कोणी सांगत नाहीं. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. संघांत कोणास घ्यावें व कोणास वगळावें, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम गोलंदाजाच्या हातांत काय असतें तें पाहूं. चेंडूची दिशा, टप्पा, वेग व फिरत या गोष्टी त्याच्या स्वाधीन आहेत. परंतु चेंडू हातांतून सुटला कीं इतरांचा अंमल सुरू होतो. फलंदाजाची चूक, झेल घेणाराची दक्षता, पंचाचा निर्णय, खेळपट्टीची स्थिति, नाणेफेकीचा कौल, इतक्या जणांनीं हातभार लावल्यावर बळी मिळतो, आणि तो लिहिला जातो एकट्या गोलंदाजाच्या नांवावर ! सुटलेला झेल त्याच्या खातीं कोठेंच दिसत नाहीं. त्रिफळा उडाला तर त्यांत क्षेत्ररक्षकाचा वांटा नसतो. सीमारेषेजवळच्या झेलांत तो पुष्कळ असतो. मात्र झेल म्हणजे निव्वळ दैव, असेंही नव्हे. फलंदाजास फसवून चेंडू उंच मारावयास लावणें ही देखील कलाच आहे.

अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत हाच प्रश्न फार बारकाईनें तपासला गेला. तेथें चेंडू फेकणारास पिचर म्हणतात. २००१ सालीं व्होरोस मॅक्रॅकन या गृहस्थांनीं असें प्रतिपादन केलें कीं, फलंदाजास चेंडू लागूंच न देणें, त्यास फुकट चाल न देणें व चेंडू मैदानाबाहेर जाऊं न देणें, एवढेंच मुख्यत्वें पिचरच्या हातीं असतें. मैदानांत टोलविलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातीं पडतो कीं मोकळ्या जागीं, यावर त्याची सत्ता फारच थोडी. पुढील अभ्यासकांनीं या मताची धार थोडी बोथट केली. तथापि, स्वतःचें काय व परक्याचें काय हें आधीं वेगळें करावें, हा त्यांतील बोध कायम राहिला आहे.

आतां दैवाचा हिशेब पाहूं. बत्तीस विद्यार्थ्यांनीं प्रत्येकीं पांच वेळां नाणें उडविलें, तर सरासरीनें एकास पांचही वेळां छापा पडेल. त्या विद्यार्थ्याच्या अंगठ्यांत कांहीं विद्या आहे काय ? मुळींच नाहीं. पुष्कळ लोक पुष्कळ वेळां प्रयत्न करीत असले, म्हणजे कोणा ना कोणाच्या वांट्यास विलक्षण यश यावयाचेंच. मग आपण त्या एकाकडे बोट दाखवितों, व उरलेल्या एकतिसांस विसरतों.

याचें एक उदाहरण आमच्या नागपुरांतच घडलें. २००८ च्या नोव्हेंबरांत जामठा येथील मैदानावर पहिलाच कसोटी सामना झाला. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझा यानें पदार्पणांत १२ बळी घेतले; पहिल्या डावांत तर आठ ! परंतु त्यासाठीं त्यानें एकंदर ३५८ धावा दिल्या होत्या, म्हणजे दर बळीस सुमारें ३०. पुढें त्यास केवळ एकच कसोटी सामना मिळाला. पर्थच्या त्या सामन्यांत २०४ धावा देऊन त्याच्या हातीं एक बळी लागला. येथें वाचकांनीं घाई करूं नये. नागपुरच्या बारा बळींवरून तो श्रेष्ठ ठरत नाहीं, हें खरें. पण पर्थच्या एका बळीवरून तो अगदींच सामान्य, असेंही सिद्ध होत नाहीं. दोन सामन्यांचा पुरावा दोन्ही बाजूंस तोकडाच आहे.

दुसरें उदाहरण नरेंद्र हिरवानी यांचें. १९८८ च्या जानेवारींत मद्रास येथें वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनीं पदार्पणांतच १३६ धावांत १६ बळी घेतले. पदार्पणाच्या सामन्यांत याहून सरस कामगिरी कोणीं केलेली नाहीं. ती खेळपट्टी चेंडूस भरपूर फिरत देणारी होती, आणि यष्टीमागें किरण मोरे उभे होते. त्यांनीं त्या एका सामन्यांत सहा फलंदाज यष्टिचीत केले, हाही विक्रमच. हिरवानी १७ कसोटी सामने खेळले व ६६ बळींवर थांबले. दर बळीस धावा पडल्या ३०.१०. पहिला सामना वगळून हिशेब केला, तर उरलेल्या ५० बळींस प्रत्येकीं सुमारें ३७ धावा पडतात. पहिल्या सामन्यांत त्या साडेआठच होत्या. याचा अर्थ हिरवानी यांच्या अंगीं कला नव्हती असा नव्हे. कला होतीच, तिला त्या दिवशीं अनुकूल योगांची भर मिळाली, आणि पुढें योग ओसरल्यावर कलेपुरतें यश उरलें. असामान्य यशानंतरचें यश बहुधा त्याहून कमीच असतें. त्यास आळस किंवा गर्व हें कारण शोधण्याची दर वेळीं गरज नसते.

आतां याच्या उलट उदाहरण घेऊं. नाशिक येथें १९३३ सालीं जन्मलेले बापू नाडकर्णी १९६४ च्या जानेवारींत मद्रासलाच इंग्लंडविरुद्ध गोलंदाजी करीत होते. त्यांनीं लागोपाठ २१ षटकें निर्धाव टाकलीं. १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाहीं. डावाअखेर त्यांचा हिशेब असा होता : ३२ षटकें, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य ! केवळ बळी मोजणाराच्या वहींत हा दिवस अपयशाचा ठरेल. समोरचे फलंदाज सावधपणें खेळत होते, म्हणून हें साधलें, असें कोणी म्हणेल. त्यांत तथ्यही आहे. परंतु १९६०-६१ सालीं पाकिस्तानविरुद्ध कानपुरास त्यांनीं ३२ षटकांत २३ धावा, व दिल्लीस ३४ षटकांत २४ धावाच दिल्या होत्या. ४१ कसोटी सामन्यांत मिळून त्यांनीं षटकास सरासरी १.६७ धावा दिल्या. फलंदाज बदलले, मैदानें बदललीं, वर्षें बदललीं. कंजूषपणा मात्र बदलला नाहीं! सरावाच्या वेळीं खेळपट्टीवर नाणें ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची त्यांची संवय प्रसिद्ध आहे. जें पुनःपुन्हां घडतें तें दैव नव्हे.

विदर्भाच्या संघाकडेही याच दृष्टीनें पहावें. २०१७-१८ च्या रणजी स्पर्धेंत उपांत्य सामना विदर्भानें कर्नाटकाविरुद्ध अवघ्या पांच धावांनीं जिंकला. पांच धावांच्या अंतरांत दैवास शिरावयास पुष्कळ जागा असते. परंतु त्याच सामन्यांत रजनीश गुरबानी यांनीं दुसऱ्या डावांत ६८ धावांत सात गडी बाद केले, व पुढें इंदूरच्या अंतिम सामन्यांत दिल्लीच्या तीन फलंदाजांचे लागोपाठ त्रिफळे उडविले. तेथें झेल घेणारा कोणी नव्हता. विदर्भानें पुढल्याच वर्षीं अजिंक्यपद राखलें, आणि २०२४-२५ सालीं तें तिसऱ्यांदा मिळविलें. त्या वर्षीं हर्ष दुबे यांनीं दहा सामन्यांत ६९ बळी घेऊन एका हंगामांतील बळींचा विक्रम केला. एका दिवसाचें दैव दहा सामने साथ देत नाहीं.

तर निर्णयाची रीत अशी ठरते. इतवारींतील धान्याचा जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडाशीं असलेली मूठभर तूर पाहून भाव ठरवीत नाहीं. टोकदार पोकळ नळी पोत्यांत चार ठिकाणीं खुपसून खालचा मालही काढून पाहतो. त्याचप्रमाणें आपण चार गोष्टी विचाराव्या. सामने किती झाले ? ते निरनिराळ्या खेळपट्ट्यांवर व निरनिराळ्या संघांविरुद्ध झाले काय ? बळी कसे मिळाले, आणि किती झेल सुटले ? त्याच सामन्यांत इतर गोलंदाजांस काय लाभलें ? सर्वांनाच बळी मिळाले असतील तर श्रेय खेळपट्टीचें अधिक. इतर सर्व हात चोळीत असतां एकट्यासच मिळाले असतील, तर त्या हातांत कांहीं तरी आहे.

ही रीत शाळेच्या मैदानावर अधिकच अगत्याची आहे. मोठ्या खेळाडूस पुन्हां संधि मिळण्याचा संभव तरी असतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या चेंडूवर दोन झेल सुटले, व त्याच सायंकाळीं त्याचें नांव यादींतून गेलें, तर तो पुन्हां चेंडू हातीं घेईलच असें नाहीं. उलट, एका भाग्यवान दुपारीं पांच बळी मिळालेला मुलगा सराव सोडून देतो, व दुसऱ्या वर्षीं लोकांच्या हंसण्याचा विषय होतो. दोघांवरही अन्याय झाला तो एकाच कारणानें : पाहणारांनीं फळ पाहिलें, चेंडू पाहिला नाहीं. म्हणून कर्णधारांस व निवड करणारांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं धावफलकाइतकेंच लक्ष चेंडूच्या टप्प्याकडे द्यावें; आणि गोलंदाज मित्रांनीं बळी मिळाले नाहींत तरी तो टप्पा सोडूं नये. झेल घेणें दुसऱ्याच्या हातीं आहे. पुढचा चेंडू आपल्या हातीं आहे.