सहा मिलिमीटरच्या भोकातले आठशे किलो

जुन्या मोटारसायकलचं क्लच कव्हर बसलेलं असतं, शेवटचाच बोल्ट आवळायचा राहिलेला असतो, आणि एकाएकी पाना हलका होतो. बोल्ट गोल गोल फिरत राहतो, आवळत काही नाही. ‘‘गेले,’’ मिस्त्री म्हणतो. काय गेले, हे गॅरेजमध्ये कोणी विचारत नाही. बोल्ट ओढून काढला की त्याच्या अंगाला गुंडाळलेली एक चंदेरी तार दिसते. ती तार म्हणजे इंजिनाच्या भोकातले आटे, मुळापासून सोलून निघालेले.

एवढ्याशा भोकात इतकं काय चाललेलं असतं? आरएक्स 100 घ्या नाहीतर सीडी 100, कव्हरचे बोल्ट बहुतेक 6 मिमीचे. आट्यांमधलं अंतर 1 मिमी, म्हणजे एक पूर्ण फेरा मारला की बोल्ट 1 मिमी आत जातो. असा बोल्ट साधारण 10 न्यूटन-मीटरला आवळतात. 10 सेंमी लांब पान्याच्या टोकाला 10 किलोचा जोर लावला की तेवढं होतं. मनगटाला फारसं जाणवतही नाही. त्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मेहनत तर घर्षणातच संपते, थोडी बोल्टच्या डोक्याखाली, थोडी आट्यांमध्ये. उरलेल्या दहा टक्क्यांत तो बोल्ट कव्हरला सुमारे 800 किलोच्या ताकदीने दाबून धरतो!

आट्याचा चढ इतका मंद असतो, जेमतेम साडेतीन अंशांचा, म्हणून हे जमतं. हात लांबचा फेरा घेतो आणि बोल्ट तसूभर पुढे सरकतो. सगळा जोर त्या तसूभरात एकवटतो. यात बोल्ट स्वतःही ताणला जातो. 30 मिमी लांबीचा पोलादी बोल्ट अशा वेळी 0.06 मिमीच्या आसपास लांबतो, केसाच्या जाडीएवढा. गाडी थरथरत असताना कव्हर घट्ट राहतं ते या ताणामुळे. बोल्ट ही खरं तर फार ताठ स्प्रिंग आहे.

आता पोलादाचा हा ताण झेलायचा कोणी? ॲल्युमिनियमच्या आट्यांनी. आणि तोही सगळ्यांनी वाटून नाही. भोकाच्या तोंडाशी असलेला पहिला आटा एकटाच जवळपास एक तृतीयांश भार घेतो, मग दुसरा, तिसरा. सहाव्या-सातव्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणून आटे जातात तेव्हा एकापाठोपाठ एक जातात. पहिला वाकला की त्याचा बोजा दुसऱ्यावर पडतो, आणि पाना हलका झालेला कळेपर्यंत सगळी रांग सोललेली असते.

त्यात जुन्या गाडीचं वय. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन गरम झालं की बोल्टवरचा ताण आणखी वाढतो, थंड झालं की उतरतो. वर्षानुवर्षं हेच. पाणी शिरलं, विशेषतः कोकणातल्यासारख्या खाऱ्या हवेत, तर पोलादाशेजारचं ॲल्युमिनियम आधी गंजतं. आट्यांत पांढरी पूड दिसते ती त्याचीच.

जुन्या बुलेटवाल्यांची तर आणखी एक अडचण. मद्रासला बनणाऱ्या बुलेटमध्ये ब्रिटिश मापाचे आटे खूप वर्षं टिकून होते. विलायती मोटारसायकलींत सर्रास दिसणारा पाव इंची बोल्ट असतो इंचाला 26 आट्यांचा. आपला 6 मिमीचा मेट्रिक बोल्ट इंचाला 25.4 आट्यांचा. फरक इतका थोडा, की पाव इंची भोकात मेट्रिक बोल्ट आरामात जातो. बसलाही वाटतो. पण तो एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा जास्तच बारीक, शिवाय आट्यांची चाल जराशी वेगळी, त्यामुळे मोजके आटे टेकतात आणि पहिल्या जोरदार आवळणीत तेच तुटतात. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडभर आट्यांचं एकच माप असावं असं सुचवलं, तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. आता मापं मोजकी आहेत, तरी हा घोटाळा काही संपलेला नाही.

दुरुस्तीचे मार्ग बरेच आहेत. भोक खोल असेल तर जरा लांब बोल्ट लावून तळाचे शाबूत आटे पकडता येतात. कधी कधी एवढ्याने भागतं. भोक मोठं करून 8 मिमीचा बोल्ट ठोकणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण भोकाभोवतीची भिंत पातळ असेल तर तिथेच तडा जातो. लेथवर बुश बनवून मारणं चांगलं, फक्त तसा कारागीर हवा.

मला भुरळ पडते ती तारेच्या उपायाची. बाजारात तिला सगळे हेलिकॉइल म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या तारेचं हे छोटं वेटोळं. तारेचा छेद शंकरपाळीच्या आकाराचा. शंकरपाळीची आतली धार बोल्टसाठी नवा आटा होते, बाहेरची धार ॲल्युमिनियममध्ये रुतते. आधी भोक 6.3 मिमीच्या ड्रिलने साफ करतात, मग त्या वेटोळ्यासाठीच्या खास टॅपने मोठे आटे पाडतात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यातच अडकतो, इंजिनात पडत नाही. ॲल्युमिनियमसाठी जुने फिटर रॉकेल वापरतात. थोडं पुढे, जरासं मागे, असा टॅप फिरवायचा.

वेटोळं मोकळं असताना भोकापेक्षा किंचित मोठं असतं. खालच्या टोकाला एक आडवी दांडी असते. ती हत्याराच्या खाचेत धरून फिरवली की वेटोळं आवळून बारीक होतं आणि निमूटपणे आत जातं. वरच्या कडेपासून पाव-अर्धा फेरा खाली गेलं की हत्यार काढायचं. वेटोळं लगेच फुलतं आणि भिंतीला स्वतःच्या ताणानेच चिकटून बसतं. ना डिंक, ना वेल्डिंग. शेवटी दांडी ठोकून तोडायची आणि न विसरता बाहेर काढायची.

आश्चर्य पुढेच आहे. नवे आटे आता 6 मिमीऐवजी 7.3 मिमी व्यासावर पडले, म्हणजे तेवढ्याच खोलीत धरायला सुमारे पाचव्या हिश्शाने जास्त ॲल्युमिनियम मिळालं. बोल्ट घासतो तो स्टेनलेसवर. आणि वेटोळं जरा लवचिक असल्यामुळे पहिल्या आट्यावरचा बोजा ते खालच्यांकडेही ढकलतं. दुरुस्त केलेलं भोक कारखान्यातल्या भोकाहून मजबूत निघतं. म्हणूनच विमानांच्या इंजिनांत असे आतले पोलादी आटे काही बिघडायची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून बसवतात.

तेव्हा तुमच्या गाडीचे आटे गेले आणि कोणी जाडा बोल्ट घेऊन पुढे आला, तर आधी वेटोळ्याबद्दल विचारा. आणि बोल्ट परत लावताना पाना बाजूला ठेवा: बोल्ट भोकावर टेकवून आधी उलटा फिरवा, बारीकसा ‘टक’ जाणवला की सुलटा, आणि निदान तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी.