उजनीवरची रात्रपाळी

उजनीच्या पाण्यात रात्र काढणाऱ्या मच्छीमाराची खरी परीक्षा दिवस मावळायच्या आत होते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि करमाळा व इंदापूर तालुक्यांच्या मधे नजर पोचणार नाही एवढं पाणी पसरलं. सांजेला जाळी सोडायची, पहाटे उचलायची आणि मधली रात्र होडीतच काढायची, हा इथल्या कित्येक कुटुंबांचा शिरस्ता. उन्हाळ्यातल्या एका रात्री अशाच एका नवरा-बायकोच्या होडीत मी होतो.

जाळी सोडून झाल्यावर काकांनी मुक्कामाची जागा शोधायला घेतली. पाऊण तास त्यांनी नुसतं पाणी आणि काठ न्याहाळला. उपयुक्त साठा संपून धरण ‘मायनस’मध्ये जातं तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींची तोंडं, वाळलेल्या बाभळींचे बुंधे पाण्याच्या जेमतेम खाली येतात. त्यावर होडी आपटली की तळ फुटलाच. वाऱ्याचाही हिशोब असतो. तो काठावरून पाण्याकडे येत असेल, तर त्या काठाजवळ लाट उठायला जागाच मिळत नाही. समोरच्या काठावर मात्र सबंध जलाशय ओलांडून आलेल्या लाटा आदळतात. म्हणून मुक्काम आडोशाच्या खाडीत. पण रात्रीतून वारा फिरला तर निघायचं कुठून, तेही त्यांनी उजेडातच बघून ठेवलं.

नांगर म्हणजे दोराला बांधलेला जड दगड. पाणी दोन पुरुष खोल होतं आणि काकांनी दोर सोडला दहा-बारा पुरुष. दोर आखूड असला की प्रत्येक लाटेबरोबर दगड वर उचलला जातो; लांब असला की ओढ तळाशी आडवी बसते आणि दगड जागा सोडत नाही. दोर बांधला होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करून राहते. मग त्यांनी काठावरचे दोन दिवे एका रेषेत धरले. “ही रेघ मोडली की समजायचं, होडी सरकली,” ते म्हणाले. रात्री जाग आली की त्यांची नजर आधी त्या दिव्यांकडे जायची.

स्वयंपाक काकूंनी काठावरच उरकला होता. ताडपत्रीखाली शेगडी पेटवायची नाही, हा त्यांचा नियम. कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दुसरा नियम लघवीचा. रात्री त्यासाठी होडीच्या कडेला उभं राहिलं की ती कलंडते, तोल जातो आणि अंधारात कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून डबा वापरायचा, तोही बसूनच. अंगावरचं लाइफ जॅकेट झोपतानाही काढायचं नाही. पाणी उपसायचं डबडं हाताशी, बॅटरी गळ्यात, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण उन्हाळ्यातही ओल्या अंगाला पहाटेचा वारा गारठवतो.

सगळ्यात मोठं भय वळवाचं. दुपारभर तापलेल्या हवेतून संध्याकाळी वादळ उठतं आणि उथळ पाण्यात लाटा आखूड, उभ्या होतात. लहान होडीला एकीतून सावरायच्या आत दुसरी गाठते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ढगांचा गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. अशा वेळी पाणी सोडायचं, एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देतं. काकूंच्या फोनमध्ये ते होतं.

पश्चिमेला काळं दिसलं की ही जोडी जाळी न सोडताच परत फिरते. त्या रात्रीची मासळी नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशीची कमाई नाही. पाण्यात न जाण्याचा निर्णय हे या धंद्यातलं सर्वांत मोठं कसब आहे आणि त्याची किंमत आज एकटा मच्छीमार मोजतो. प्रत्येक होडीत जॅकेटं हवीतच. पण वादळाच्या इशाऱ्यामुळे बुडालेल्या कमाईची थोडीफार भरपाई मिळाली, तर काठावर थांबणं गरिबालाही परवडेल.