संहिता नाही, तरी सारे तोंडपाठ

जत्रांचे दिवस आले की शिरोडा परिसरात रात्री उशिरा देवळासमोर दशावतार रंगतो. या नाटकाला लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी कथानक आणि भूमिका ठरतात. संवाद मात्र कलाकार रंगमंचावरच रचतात. कथा, समोरच्याचे वाक्य उचलण्याची जागा, युद्धातील पावले, सारे डोक्यात असते. ते तिथे साठते कसे?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींना निरोप देतात ते बहुतेक वेळा अतिसूक्ष्म फटीतून, रसायनांच्या साह्याने. या जोडणीला सायनॅप्स म्हणतात. अनुभव पुन्हा पुन्हा आला की ठरावीक जोडण्या बळकट होतात. एरिक कँडेल यांनी हे अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीत दाखवले. थोड्या वेळच्या आठवणीला आहे त्या जोडणीतला रासायनिक बदल पुरतो. दीर्घकाळच्या आठवणीसाठी जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने बनतात आणि नव्या जोडण्या फुटतात. या संशोधनासाठी २००० साली कँडेल नोबेलचे एक मानकरी ठरले.

आठवणींचे प्रकारही वेगवेगळे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा त्यांचा हात रोजच्या सरावाने सुधारत गेला. हे आपण आधी केले आहे, एवढेच त्यांना आठवत नसे. घटना लक्षात ठेवणे आणि हाताला वळण लागणे यांसाठी मेंदूत वेगळ्या व्यवस्था आहेत.

दहावीची परीक्षा तोंडावर आली की घराघरांत मुले रात्र रात्र जागतात. इथेच चूक होते. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होते. झोप कापली की अभ्यासही वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी लक्षही लागत नाही. एकच धडा दहादा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावा. दुसऱ्या दिवशी, मग काही दिवसांनी पुन्हा आठवावा. अडेल तेवढेच उघडून पाहावे. दशावतारी कलाकारही दर प्रयोगात हेच करतो: समोर कागद नसतो, आठवूनच बोलावे लागते. मुलांनीही पुस्तक मिटावे आणि रात्री वेळेवर झोपावे.